चिलीतला उठाव सीआयएचा की चिलीच्या लष्कराचा?

विट्याहून सांगलीच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे: "सर, 11 सप्टेंबर 1973 चा चिलीतला उठाव सीआयएनं घडवला असं एका पुस्तकात आहे. दुसऱ्यात लिहिलंय की अमेरिकेचा थेट सहभाग सिद्ध झालेला नाही. उत्तरपत्रिकेत काय लिहायचं? आणि पिनोशेच्या हुकूमशाहीची जबाबदारी कुणाची धरायची?"

त्या दिवशी चिलीच्या लष्करानं निवडून आलेले अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांची सत्ता उलथवली आणि जनरल आगुस्तो पिनोशेची हुकूमशाही सुरू झाली. तुझी दोन्ही पुस्तकं खोटं बोलत नाहीत. 'चिलीतला अमेरिकेचा हात' असं एकच नाव देऊन आपण दहा-पंधरा वर्षांचा व्यवहार एका दिवसात कोंबतो, तिथं घोटाळा होतो. 1964 ची निवडणूक, 1970 चा ऑक्टोबर, त्यानंतरची तीन वर्षांची कोंडी, प्रत्यक्ष उठावाचा दिवस आणि पुढची हुकूमशाही, या प्रत्येकाचा पुरावा निराळा आहे, म्हणून जबाबदारीही निराळी. जगाचा इतिहास शिकवताना मी मुलांना कायम हेच विचारायला लावत आलो: कोणतं वर्ष, कोणतं कार्यालय, पैसा कुणाच्या हातात पडला, आणि त्या माणसाला आधीपासून काय हवं होतं? शेवटचा प्रश्न बहुतेक जण सोडून देतात, आणि उत्तर बहुतेक वेळा तिथंच असतं.

1964 पासून सुरुवात कर. त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत साल्वादोर आयेंदे हे समाजवादी उमेदवार होते आणि समोर ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे एदुआर्दो फ्रेई. फ्रेईंच्या प्रचाराचा निम्म्याहून थोडा अधिक खर्च सीआयएनं उचलला होता. म्हणजे 1970 साली अमेरिकेला चिलीची अचानक आठवण झाली, असं काही नाही. तिथले पक्ष, वर्तमानपत्रं, कामगार संघटना, विद्यार्थी संघटना यांच्यात तिचे धागेदोरे आधीपासून विणलेले होते. दुसऱ्या बाजूनंही पैसा येत होता. क्यूबाचा आणि सोव्हिएत संघाचा पैसा आयेंदेंच्या बाजूला पोहोचत होता, आणि हे उत्तरात लिहायला कचरू नकोस. फरक प्रमाणाचा होता, आणि पुढे जे ठरलं त्याचा होता.

4 सप्टेंबर 1970 ला आयेंदे सुमारे 36 टक्के मतं घेऊन पहिले आले. दुसऱ्या क्रमांकावरचे उजव्यांचे उमेदवार आलेसांद्री जेमतेम एक-सव्वा टक्क्यानं मागे. कुणालाच निम्मी मतं नसली की पहिल्या दोघांतून संसदेनं निवड करायची, असं चिलीच्या राज्यघटनेत होतं. संसदेची तारीख होती 24 ऑक्टोबर. मधल्या सात आठवड्यांत जे घडलं, ते या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे. तिथं तू जास्त वेळ दे.

15 सप्टेंबरला व्हाइट हाऊसमध्ये अध्यक्ष निक्सन, त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर, अॅटर्नी जनरल मिचेल आणि सीआयएचे संचालक रिचर्ड हेल्म्स बसले. बैठक थोड्याच वेळाची होती. हेल्म्स यांनी हातानं लिहिलेलं टिपण आज कुणालाही वाचता येतं. यशाची शक्यता दहात एक असली तरी चिली वाचवा. धोक्याची फिकीर नाही. दूतावासाला यात घ्यायचं नाही. एक कोटी डॉलर उपलब्ध, लागले तर आणखी. आणि चिलीची अर्थव्यवस्था किंचाळली पाहिजे. लोकशाही पद्धतीनं निवडून आलेल्या माणसाला शपथ घेऊ द्यायची नाही, असा आदेश एका राष्ट्राध्यक्षानं दिल्याचा इतका उघडा पुरावा इतिहासात फार क्वचित मिळतो. मी ते टिपण वर्गात दरवेळी वाचून दाखवायचो, कारण 'परकी शक्तींचं कारस्थान' हे ऐकीव वाक्य एका बाजूला आणि तारीख, उपस्थिती आणि रक्कम असलेला कागद दुसऱ्या बाजूला, यातला फरक मुलांना डोळ्यांनी दिसावा.

काम दोन वाटांनी चाललं. पहिली वाट संसदेची: खासदार वळवायचे, आलेसांद्रींना निवडून आणायचं, त्यांनी राजीनामा द्यायचा आणि नव्या निवडणुकीत फ्रेईंना उभं करायचं. खासदारांसाठी अडीच लाख डॉलर मंजूर झाले, पण ते खर्चच झाले नाहीत, कारण ही वाट चालणार नाही हे लवकरच कळलं. दुसरी वाट लष्कराची. ती इतकी गुप्त होती की सांतियागोतले अमेरिकेचे राजदूत एडवर्ड कोरी यांनाही तिची माहिती दिलेली नव्हती. पण लष्कराच्या वाटेवर एक माणूस उभा होता: सरसेनापती जनरल रेने श्नायडर. निवडणुकीचा निकाल लष्करानं मानायचा, राजकारणात पडायचं नाही, ही त्यांची जाहीर भूमिका. ते जागेवर असेपर्यंत उठाव होणं नाही. म्हणून त्यांचं अपहरण करायचं ठरलं. दोन गट तयारीत होते: एक निवृत्त जनरल रोबेर्तो विऔंचा, दुसरा सेवेतल्या जनरल कामिलो वालेन्सुएलांचा. विऔंना सीआयएनं निरोप पाठवला की आत्ता थांबा, वेळ येईल, आमचा पाठिंबा कायम आहे. 19 आणि 20 ऑक्टोबरचे प्रयत्न फसले. 22 ऑक्टोबरच्या पहाटे सीआयएकडून वालेन्सुएलांच्या गटाला सबमशीन गन मिळाल्या, आणि त्याच सकाळी विऔंच्या माणसांनी श्नायडर यांची गाडी अडवून त्यांना गोळ्या घातल्या. 25 तारखेला ते गेले.

आता इथं नीट वाच. ज्या बंदुका दिल्या, त्या बहुधा वापरल्या गेल्या नाहीत, असं अमेरिकेच्या सिनेट समितीनं नंतर म्हटलं. हे मान्य करायचं. पण त्यानं दोष किती कमी होतो? अपहरणाची गरज कुणी मांडली, उठावाला उत्तेजन कुणी दिलं, 16 ऑक्टोबरच्या गुप्त तारेत 'आयेंदे उठावानं जावेत हे आपलं ठाम आणि चालू धोरण आहे, अमेरिकेचा हात दिसता कामा नये' असं कुणी कळवलं, याची उत्तरं बंदुकीच्या नंबरावर अवलंबून नाहीत. खुनानंतर विऔंच्या गटातल्या एकाला सीआयएनं 35,000 डॉलर दिले, हे 2000 साली अमेरिकेच्याच अहवालानं मान्य केलं. 1970 बद्दल लिहिताना 'थेट सहभाग' हे शब्द बिनदिक्कत वापर.

परिणाम मात्र उलटा झाला. सरसेनापतीवरचा हल्ला पाहून देश हादरला, लष्कर घटनेच्या बाजूनं उभं राहिलं आणि संसदेनं 35 विरुद्ध 153 मतांनी आयेंदेंची निवड केली. परकी शक्ती मनात आणेल ते घडवते, हा समज इथंच मोडतो. पैसा होता, बंदुका होत्या, अध्यक्षाचा आदेश होता. पण देशाच्या आत पुरेशी माणसं तयार नव्हती, म्हणून उठाव झाला नाही. 1973 मध्ये झाला, कारण तोवर माणसं तयार झाली होती. ती का आणि कशी झाली, हा खरा अभ्यासाचा विषय.

आपल्या भागातलं एक उदाहरण घे. 1943 पासून कुंडल, वाळवे आणि जुन्या सातारा जिल्ह्याच्या गावागावांत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं इंग्रजांचा अंमल खिळखिळा केला. इंग्रज अधिकाऱ्याला कृष्णाकाठचं कोणतं शिवार कुठं संपतं हे ठाऊक नव्हतं. त्याला डोळे पुरवायचे ते इथलेच खबरे. म्हणून प्रतिसरकारचा रोख गोऱ्या अधिकाऱ्यापेक्षा गावातल्या खबऱ्यावर आणि गुंडावर अधिक होता. गावानं साथ सोडली की परक्या सत्तेला काही दिसत नाही, हे त्या लोकांना पक्कं कळलेलं होतं.

1970 ते 1973 या काळात सीआयएनं चिलीत सुमारे 80 लाख डॉलर गुप्तपणे खर्च केले. आकडा लहान वाटेल, पण काळ्या बाजारात डॉलरला अधिकृत दराच्या कैकपट भाव मिळत होता, तेव्हा तिथली त्याची ताकद त्या हिशेबानं मोज. त्यातले सोळा लाखांवर डॉलर 'एल मेर्कुरियो' या सर्वांत मोठ्या दैनिकाला गेले. त्याचे मालक आगुस्तिन एद्वार्द्स 1970 च्या सप्टेंबरातच वॉशिंग्टनला जाऊन हेल्म्स यांना भेटले होते. बाकीचा पैसा विरोधी पक्षांना आणि उद्योजकांच्या संघटनांना. आयटीटी या अमेरिकन कंपनीचा चिलीच्या टेलिफोन कंपनीत मोठा हिस्सा होता. तिच्या संचालक मंडळावर सीआयएचे माजी संचालक जॉन मॅकोन बसलेले. आयेंदेंना रोखण्यासाठी दहा लाख डॉलर द्यायची तयारी त्या कंपनीनं दाखवली होती, हे 1972 च्या मार्चमध्ये तिचीच अंतर्गत कागदपत्रं वर्तमानपत्रात आल्यावर जगाला कळलं.

त्याच वेळी कर्जाचे नळ बंद झाले. 1969 मध्ये साडेतीन कोटी डॉलर असलेली अमेरिकेची थेट मदत 1971 मध्ये पंधरा लाखांवर आली. जागतिक बँकेकडून नवं कर्ज नाही. पण चिलीच्या लष्कराला मिळणारी मदत आणि अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण सुरूच राहिलं. सरकारची रसद तोडायची आणि सैन्याशी घरोबा ठेवायचा, ही जोडी लक्षात ठेव. गुप्त कागद एकही नसता, तरी एवढ्यावरूनसुद्धा धोरण ओळखता आलं असतं.

1972 च्या ऑक्टोबरात ट्रकमालकांचा संप झाला. चिली हा चार हजार किलोमीटरहून लांब आणि चिंचोळा देश, सगळा माल ट्रकवर. ऐन गळीत हंगामात आपल्याकडच्या वाहतूकदारांनी गाड्या रस्त्याच्या कडेला लावल्या तर कारखान्याची गव्हाण किती तास चालेल, याचा अंदाज तुला आहेच. संपकऱ्यांना थेट पैसे देण्याचा प्रस्ताव वॉशिंग्टनमध्ये मंजूर झाला नाही, हे खरं. पण ज्या खासगी संघटनांना सीआयएचा पैसा जात होता त्याच संपाला पाठबळ देत होत्या आणि त्यातला काही संपापर्यंत पोहोचला, असं सिनेट समितीनं नोंदवलं. 1973 च्या जुलैअखेर दुसरा संप सुरू झाला, तो उठावापर्यंत मिटला नाही.

आयेंदेंच्या सरकारच्या चुका झाकून लिहिलेलं उत्तर मला मान्य नाही. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. शेवटपर्यंत त्यांनी संसद बरखास्त केली नाही की विरोधी वर्तमानपत्रं बंद केली नाहीत. तांब्याच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण 11 जुलै 1971 ला संसदेत एकमतानं झालं, म्हणजे उजव्यांनीही हात वर केला. पण पगार वाढवून, किमती गोठवून आणि तूट भरायला नोटा छापून सरकारनं स्वतःच्या हातानं महागाई ओढवून घेतली. तांब्याचे जागतिक भाव त्याच काळात उतरले. 1973 मध्ये महागाई शेकडो टक्क्यांवर गेली. दुकानं ओस, रांगा, मध्यमवर्ग भांडी बडवत रस्त्यावर. आघाडीतलाच एक गट आयेंदेंना आणखी वेगानं चला म्हणत होता आणि ख्रिस्ती लोकशाही पक्षाशी तडजोड होऊ देत नव्हता. तरीही मार्च 1973 च्या संसदीय निवडणुकीत या सरकारच्या आघाडीनं सुमारे 44 टक्के मतं मिळवली. अध्यक्षाला महाभियोगानं काढायला लागणारं दोन तृतीयांश बहुमत विरोधकांना मिळालं नाही. माझ्या मते उठावाचा निर्णय तिथं पिकला. मतपेटीतून आयेंदे जाणार नाहीत हे कळल्यावर अनेकांनी बराकीकडे तोंड वळवलं.

29 जूनला एका रणगाडा पलटणीचं बंड फसलं. ते मोडून काढणारे सरसेनापती कार्लोस प्रात्स हे श्नायडर यांच्याच परंपरेतले. 22 ऑगस्टला संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं सरकारवर घटनाभंगाचा ठराव केला. दुसऱ्याच दिवशी, सहकारी सेनापतींची साथ सुटल्यानं, प्रात्स यांनी राजीनामा दिला आणि आयेंदेंनी विश्वासानं ज्यांना सरसेनापती केलं ते होते आगुस्तो पिनोशे. तीन आठवडेही झाले नाहीत. 11 सप्टेंबरला सकाळी वाल्पाराइसोत नौदलानं सुरुवात केली, दुपारच्या सुमारास हवाई दलाच्या हॉकर हंटर विमानांनी ला मोनेदा हा अध्यक्षांचा प्रासाद बॉम्बनं पेटवला, आणि आयेंदेंनी आत्महत्या केली. 2011 मध्ये मृतदेह उकरून झालेल्या तपासणीनंही तेच सांगितलं. 'त्यांना सैनिकांनी मारलं' हे वाक्य उत्तरात नको.

त्या दिवसाच्या योजनेत सीआयएचा थेट हात असल्याचा पुरावा सिनेट समितीला मिळाला नाही. तुझ्या दुसऱ्या पुस्तकातलं वाक्य तिथून आलं आहे. उठाव होणार, याच्या खबरा मात्र वॉशिंग्टनला मिळत होत्या. 2023 मध्ये खुल्या झालेल्या, 11 सप्टेंबरच्याच सकाळच्या निक्सन यांच्या गुप्त माहितीपत्रकात लिहिलं होतं की अधिकाऱ्यांचा निर्धार वाढतोय, पण त्यांच्याकडे नीट सांधलेली योजना अजून नसावी. म्हणजे उठावाची घडी न घडी अमेरिकेच्या हातात होती, हे चित्र टिकत नाही. पण पाच दिवसांनी किसिंजर निक्सन यांना फोनवर काय म्हणाले तेही त्याच्या शेजारी लिही: आपण ते केलं नाही, आपण त्यांना मदत केली, शक्य तितकी अनुकूल परिस्थिती निर्माण केली. त्या संभाषणाची प्रत 2004 मध्ये बाहेर आली. करणाऱ्यानंच दिलेली कबुली ती.

या सगळ्यात अमेरिका एकटी नव्हती, हेही पाठ्यपुस्तकांतून सुटतं. ब्राझीलमध्ये 1964 च्या उठावापासून लष्कर सत्तेवर होतं, आणि तिथले अध्यक्ष मेदिसी यांनी 1971 च्या डिसेंबरात निक्सन यांच्याशी चिलीबद्दल बोलणी केली होती. ऑस्ट्रेलियाच्या गुप्तहेर संस्थेनं सीआयएच्या विनंतीवरून सांतियागोत आपलं ठाणं उघडलं होतं. पंतप्रधान गॉफ व्हिटलम सत्तेवर आल्यावर त्यांनी ते बंद करायला लावलं.

माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र 11 सप्टेंबरच्या आधीच्या काळावर नाही, नंतरच्या काळावर आहे. परीक्षेची पुस्तकं उठावाच्या दिवशी थांबतात. बळी त्यानंतर पडले. सांतियागोचं राष्ट्रीय स्टेडियम तुरुंग झालं. 1974 मध्ये दीना ही गुप्त पोलीस यंत्रणा उभी राहिली, प्रमुख मानुएल कोन्त्रेरास. व्हिया ग्रिमाल्दीसारख्या छळछावण्या तिच्याच. तीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि छळ सोसून जगलेले धरून चाळीस हजारांच्या आसपास बळी चिलीच्या राज्यानं पुढे अधिकृतपणे मान्य केले. सप्टेंबर 1974 मध्ये निर्वासित प्रात्स यांना पत्नीसह ब्वेनोस आइरेसमध्ये बॉम्बनं उडवलं. नोव्हेंबर 1975 मध्ये चिली, अर्जेंटिना, उरुग्वे, पाराग्वे आणि बोलिव्हियाच्या यंत्रणांनी मिळून ऑपरेशन कॉन्डोर उभं केलं, ते एकमेकांच्या देशांतले विरोधक टिपायला. 21 सप्टेंबर 1976 ला तर आयेंदेंचे माजी परराष्ट्रमंत्री ओर्लांदो लेतेलियर आणि त्यांची अमेरिकन सहकारी रॉनी मॉफिट यांना खुद्द वॉशिंग्टनच्या रस्त्यावर मारलं.

या कोन्त्रेरासशी सीआयएचे 1974 ते 1977 असे संबंध होते, आणि 1975 मध्ये त्याला एकदा पैसेही दिले गेले. छळ कुठं चालतो, कोण चालवतो हे ठाऊक असताना. 1970 चं कारस्थान फसलं होतं. 1973 चा उठाव चिलीच्या सेनापतींनी केला. पण राजवट आल्यावर तिला कर्ज, मान्यता आणि गुप्तवार्तेची भागीदारी देण्यात कुणाची सक्ती नव्हती, घाई नव्हती, अंधारही नव्हता. माझ्या लेखी अमेरिकेचा सर्वांत जड दोष तो.

आपल्याला हे इतक्या तपशिलात कळतं, याचं श्रेय अमेरिकेतल्याच पत्रकारांना, सिनेटर फ्रँक चर्च यांच्या 1975 च्या समितीला आणि 1999-2000 मध्ये चिलीवरचे वीस हजारांहून अधिक कागद खुले झाले त्याला द्यायला हवं. हेल्म्स यांना 1977 मध्ये सिनेटपुढे पूर्ण साक्ष न दिल्याबद्दल दोन हजार डॉलर दंड झाला. शिक्षा किरकोळ, पण नोंद झाली. आपल्याकडचा अनुभव निराळा आहे. 1967 मध्ये निवडणुकीतल्या परदेशी पैशावरून लोकसभेत वादळ उठलं, तेव्हा गृहमंत्री होते कराडचे यशवंतराव चव्हाण. चौकशी झाली, तिचा अहवाल लोकांपुढे ठेवला गेला नाही. पुढे अमेरिकेचे माजी राजदूत मॉयनिहन यांनी लिहिलं की केरळ आणि पश्चिम बंगालमध्ये कम्युनिस्टांविरुद्ध सीआयएचा पैसा काँग्रेसकडे दोनदा गेला होता. सत्तरच्या दशकात 'परकी हात' हा आपल्या राजकारणातला परवलीचा शब्द झाला, आयेंदेंचं नाव दिल्लीत भीतीनं घेतलं गेलं, आणि त्याच भीतीच्या आधारानं आणीबाणीचंही समर्थन झालं. म्हणून कागद मागायची सवय लाव. परकी हात कधी खरा असतो, आणि कधी तो घरच्या सत्तेला सोयीचा असतो. कागदाशिवाय दोन्ही सारखेच दिसतात.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन वेगळ्या परिच्छेदांत लिही. गोळी झाडण्याची, माणसं गायब करण्याची जबाबदारी पिनोशे, कोन्त्रेरास आणि त्यांच्या अधिकाऱ्यांची. ती चिलीच्या न्यायालयांनी निश्चित केली. कोन्त्रेरास शेकडो वर्षांच्या एकत्रित शिक्षा भोगत 2015 मध्ये मेला. पिनोशे 1998 मध्ये लंडनमध्ये अटक झाली तरी 2006 मध्ये शिक्षेविना मरण पावला. कारस्थान, पैसा आणि पाठराखणीची जबाबदारी निक्सन, किसिंजर आणि सीआयएची. तिच्यासाठी श्नायडर यांच्या मुलांनी 2001 मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयात दावा लावला. हा परराष्ट्र धोरणाचा प्रश्न आहे, आमच्या कक्षेत येत नाही, असं म्हणून न्यायालयानं तो फेटाळला आणि 2005 मध्ये अपिलातही तेच झालं. पुराव्याची छाननी तिथं झालीच नाही. 'सिद्ध झालं नाही' असं लिहिशील तेव्हा ते कशाबद्दल लिहितेस हे नेमकं सांग: 1973 च्या सकाळबद्दल तसं म्हणता येतं, 1970 च्या ऑक्टोबरबद्दल नाही.